पहिला महिना

आई, माझ्या पोरीला, तुझ्या नातीला, दिवस गेले होते, ते आता नाहीत. हे ज्यांना सांगावं अशी माणसं घरात उरली नाहीत, म्हणून तुलाच लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा ही तिसरीत होती, दोन वेण्या घालायची आणि तुझ्या शाळेच्या पिशवीतले रंगीत खडू पळवायची. आता बँकेत मोठ्या खुर्चीवर बसते, इचलकरंजीला दिली आहे, जावई सरळ आहेत. तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीला तिने मला सोबत नेलं होतं, कशाला तर म्हणे, "तू ये की, तुला कळतंय त्यातलं." कळलंच. डॉक्टरीणबाई बोलता बोलता गप्प झाल्या आणि यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवायला लागल्या, पण त्यांच्याआधी मी पडद्यावर पाहिलं होतं. डोळ्यांच्या वर काही नव्हतं. कवटी असते तिथे ती बंदच झाली नव्हती. आयुष्यभर कोंबडीच्या अंड्यांतले गर्भ बघत आले, डोकं कसं मिटतं आणि कधीकधी कसं उघडं राहतं हे बघण्याचाच विद्यापीठ मला पगार देतं. त्या खोलीत मात्र पोरीचा हात धरून बसण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. असं मूल जगत नाही, आणि त्यावर इलाजही नाही. पुढच्याच आठवड्यात तिला मोकळं केलं.

तुझंही असंच झालं होतं. मी तेव्हा आठ वर्षांची. आपण गारगोटीत राहत होतो, तू प्राथमिक शाळेत, अण्णा एस.टी.च्या डेपोत. ते मोठं ग्रहण होतं त्या दिवशी गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळ्यांनी दारं लावून घेतलेली, पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं टाकलेली. आपल्या घरी मात्र अण्णांनी मुद्दाम कोंबडी आणली होती. बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्या घरात ग्रहण पाळायचं नाही, म्हणजे नुसतं पाळायचं नाही असं नव्हे, न पाळलेलं लोकांना दिसलं पाहिजे, असा त्यांचा बाणा. "सावली हाय ती. सावलीला काय भ्याचं?" असं म्हणत ते काच काजळी धरून काळी करत होते. आणि तू विळी घेऊन उंबऱ्याशी, अगदी रस्त्यावरून दिसेल अशी, कांदा चिरायला बसलीस. पाचवा महिना होता तुला, पोट दिसायला लागलं होतं. समोरच्या काकूंनी खिडकीची फट उघडून ओरडून सांगितलं, "अगं पोटुशी हाईस की! ठेव ती इळी!" तू हसलीस. "आमी सोडलंय ते," म्हणालीस. मला ते हसू चांगलं आठवतं. त्यात उसनं काही नव्हतं. तू खरंच घाबरली नव्हतीस.

मिरगाच्या तोंडावर आजीकडे तू बाळंत झालीस. मला आत येऊ दिलं नाही. सुईणीने पांढऱ्या कापडात गुंडाळून काहीतरी अण्णांच्या हातात दिलं, अण्णा आणि मामा ते घेऊन ओढ्याकडे गेले, आणि बाळ रडत कसं नाही एवढाच प्रश्न मला पडला होता. दारामागून मी आजीचं बोलणं ऐकलं. तुझीच आई ती, तोंडाने फटकळ, पण तुझ्या पायांना तेल लावता लावता रडत बोलत होती. "धर्म सोडला म्हणून गिराण सोडतंय व्हय गं?" एवढंच. अण्णांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते सासूवर इतके कडाडले की, म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का, असं मामांना म्हणावं लागलं. तू मधे पडली नाहीस. मला वाटलं होतं, तू अण्णांच्या बाजूची आहेस.

तशी तू नव्हतीस, हे मला कळायला काही वर्षं गेली. ग्रहण कधी आहे हे तुला शाळेतल्या कॅलेंडरमुळे आधीच माहीत असायचं. त्या दिवशी तू पहाटे उठून कांदा, लसूण, भाजी, सगळं चिरून झाकून ठेवायचीस आणि विळी मिटवून फळीवर वर टाकायचीस. मग ऐन ग्रहणात, अण्णा ताटावर बसले की गरम भाकरी वाढायचीस. अण्णा खूश. ग्रहणात चूल पेटलेली आहे, बायको वाढते आहे, आणखी काय पाहिजे? चिरलेलं कधी चिरलं हे कोणता नवरा विचारतो! मी मात्र एकदा काकडी मागितली आणि तू म्हणालीस, "उद्या." तेवढ्यावरून मला सगळं समजलं, आणि समजलं हे मी तुला कळू दिलं नाही.

आणि चौथीच्या वर्गात तू बाई होतीस माझी! घरात आई, शाळेत बाई, चुकून "आई" म्हटलं की छडी. ग्रहणाचा धडा आला की तू टेबलावर कंदील ठेवायचीस, एका पोराच्या हातात चेंडू, दुसऱ्याच्या हातात लिंबू. लिंबू मध्ये आलं की चेंडूवर सावली पडायची. "बघा, सूर्याला गिळत न्हाई कुणी. नुसती सावली," असं सांगायचीस, आणि ते इतकं चांगलं सांगायचीस की वर्गातल्या पोरी घरी जाऊन आयांशी भांडायच्या. तुला ते खरं वाटत होतं, याबद्दल मला शंका नाही. सूर्यापुरतं, चंद्रापुरतं तुला ते पटलेलं होतं. फक्त एका मुलापुरतं पटलेलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोला हार घालताना तुझा हात जरासा थांबायचा, तो त्यासाठीच थांबायचा असं मला आजही वाटतं. त्या फोटोसमोर तुला हे बोलून दाखवता येत नव्हतं, अण्णांसमोर तर नाहीच. ग्रहणाने झालं असं म्हणावं तर विळी घेऊन उंबऱ्याशी बसायला लावणाऱ्या माणसावर ते गेलं असतं. म्हणून तू ते एकटीच्या अंगावर घेऊन बसलीस.

मी या विषयाकडे वळले ती तुझ्यामुळे, हे तुला कधी सांगितलं नाही. तू चेष्टाच करायचीस. "अंडी फोडायला एम. एस्सी. कशाला लागतंय? हिकडं ये, मी शिकवतो," म्हणायचीस, आपल्याकडच्या बायका म्हणतात तसं, करतो-जातो करत. एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी कोंबडीचे गर्भ दाखवले. पिवळ्या बलकावर दुधावरच्या सायीएवढा पातळ थर, आणि त्यातल्या पेशी हलत असतात. एकमेकींच्या मधे घुसतात, बाजूच्या पेशी मधल्या रेषेकडे सरकतात, थर अरुंद होत लांब होतो. मग त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे कलतात आणि जुळतात. त्याची नळी होते, तिचा पुढचा भाग म्हणजे मेंदू. माणसात हे सगळं पहिल्या महिन्यात आटोपतं, बाईला आपल्याला दिवस गेलेत याची खात्री होण्याच्याही आधी. सर हे सांगत होते आणि मी वहीच्या मागे हिशेब करत होते. ग्रहण माघात, तुला तेव्हा पाचवा महिना. म्हणजे तू विळीवर कांदा चिरत होतीस तेव्हा त्या बाळाचं डोकं उघडं राहून कितीतरी महिने झालेले होते. ग्रहणाचा काही संबंध नव्हता. असूच शकत नव्हता. नुसतं पुस्तकातलं मत नव्हतं हे, तारखा मांडून सिद्ध करता येण्याजोगं होतं. मी त्या दिवशी कोल्हापूर ते गारगोटी एस.टी.त उभी राहून आले, जागा होती तरी बसवेना.

दिवाळी जवळ आलेली. अण्णा "दिवाळी" म्हणायचे नाहीत, पण करंज्यांना त्यांची हरकत नसायची. "करंजीला कसला आलाय धर्म," म्हणायचे. तू पाटावर बसून करंज्यांच्या कडा दाबत होतीस, मी लाटत होते, अण्णा बाहेर ओसरीवर कुणाशी तरी बोलत होते. मी हळूच विषय काढला. त्या बाळाचं नाव घरात कधी कुणी काढलं नव्हतं, त्याला नावच नव्हतं म्हणा. मी तुला सगळं सांगितलं, थर, कडा, नळी, महिने. आणि नीट कळावं म्हणून तुझ्याच हातातली करंजी घेतली. "हे बघ, अशाच कडा वर येतात आणि जुळतात. एखाद्या वेळी जुळत नाहीत, मग ती उघडी राहते. हे पहिल्या महिन्यात होतं. ग्रहणाचा काय संबंध?" तू हात थांबवून ऐकत होतीस. माझ्या सांगण्याकडे इतकं लक्ष तू आधी कधी दिलं नव्हतंस. मग विचारलंस, "आन् करंजी उघडी कशानं ऱ्हाती?"

आता स्वयंपाकघरात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. करणारीचा हात. पीठ सुकलं, कडेला दूध लावायचं राहिलं, दाब कमी पडला, सगळं शेवटी तिच्याच पदरात. मी उदाहरण काढलं तेही नेमकं असलं! मी काहीतरी सारवासारव करायला गेले, पण तू तिथे थांबलीच नव्हतीस. दुसरी करंजी हातात घेऊन, कड दाबत, अगदी शांतपणे म्हणालीस, "म्हंजे त्याच्या आदीच काय तरी चुकलं असंल माझं."

करायला गेले काय आणि झालं काय. तोवर तुझ्याकडे एक दिवस होता, एक विळी होती. निदान कशावर बोट ठेवायचं हे तुला ठाऊक होतं. मी येऊन तो दिवस काढून घेतला आणि त्याच्या बदली अख्खा महिना दिला. त्यानंतर तू काम करता करता मधेच थांबायचीस. "तवा मी जत्रंला गेलतो न्हवं?" असं एकदा आपल्याशीच बोललीस. एकदा मला विचारलंस, "हिवतापाची गोळी कडू असती, ती पोटातल्याला कळत असंल काय गं?" मी दर वेळी नाही म्हटलं. तू दर वेळी मान हलवलीस, वर्गातली ढ पोरं न कळलेल्या गणिताला हलवतात तशी. मरेपर्यंत तू तो महिना शोधत राहिलीस, आणि तुझ्या शेवटच्या आजारपणात तापात बोलायचीस तेही बहुतेक तेच असावं. मी जवळ बसायचे, पण काय म्हणतेयस ते नीट कळायचं नाही.

इकडे मी तीच करंजी घेऊन आयुष्यभर बसले. हॅचरीतून अंडी आणायची, उबवणपेटीत ठेवायची, दुसऱ्या दिवशी फोडून तो सायीसारखा थर अलगद काढून सूक्ष्मदर्शकाखाली मांडायचा आणि वरचा कॅमेरा लावून द्यायचा. त्याची फिल्म पुढे जोरात पळवली की पेशी चालताना दिसतात. सुरुवातीला वाटायचं, नीट बघितलं तर उत्तर मिळेल. एकाच फार्मची अंडी, एकच पेटी, एकच ऊब, एकात कडा जुळतात आणि शेजारच्यात जुळत नाहीत. औषध घालून बिघडवलेल्या गर्भात कारण सांगता येतं, कारण ते आपणच घातलेलं असतं. पण काहीच न करता आपसूक उघडा राहिलेला जो असतो, त्याचं काय? त्या फिल्म मी इतक्या वेळा पाहिल्यात की डोळे मिटून काढून दाखवेन. जुळेपर्यंत दोन्हींत मला फरक दिसत नाही. लोक मोठ्या शहरांत मोठी यंत्रं घेऊन पुढे गेले, त्यांनी बरंच शोधलं, दिवस जाण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेतल्या तर धोका कमी होतो हेही आता सगळ्यांना माहीत आहे. पण याच बाईचं याच वेळी का, असं विचारलं तर तेही खांदे उडवतात. विभागात माझ्या हाताखाली कुणी उरलेलं नाही, जागा भरत नाहीत, पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले की उबवणपेटी भंगारात जाईल. जाऊ दे. तिच्यातून मला पाहिजे होतं ते निघालं नाही.

पोरीला महिनाभर आराम म्हणून कोल्हापुरात माझ्या घरी आणलं, राजारामपुरीत. पहिले काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग एका सकाळी उठून मला म्हणाली, "दाखव मला." काय, ते विचारावं लागलं नाही. मी लॅपटॉपवर चांगल्यातली चांगली फिल्म लावली, सगळं नीट मिटतं ती. तिने डोळे न हलवता बघितली. "माझं कुठं थांबलं?" मी बोट ठेवून दाखवलं. "का?" मी म्हटलं, माहीत नाही. ती माझ्याकडे वळली. "तू नोकरीला लागल्यापास्नं हेच करतीस न्हवं गं?" रागाने नाही, खरंच न कळून विचारलं. मी हो म्हटलं.

त्यानंतर तिने मोबाइल हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. तुझ्याकडे निदान आठवणच होती, आई, अंधूक तरी व्हायची. हिच्याकडे त्या महिन्याचे सगळे फोटो आहेत, तारीखवेळेसकट. "हे बघ, पन्हाळ्याला गेलतो तेव्हा गाडी घसरली होती, आपटलं असेल काय?" नाही गं. "हे ऑफिसातलं, इथं मी पपई खाल्लीय." नाही. "हिथं ताप होता, गोळी घेतली होती." त्याने होत नाही. "ह्या लग्नात डी.जे.च्या शेजारी उभी होते." मी नाही, नाही म्हणत गेले. एक फोटो पुसला की ती दुसरा काढायची, जेवताना, अंघोळीहून आल्यावर, चहा गार होईपर्यंत. जावई आले की त्यांनाही विचारायची. ते बिचारे माझ्याकडे बघायचे, आणि मी त्यांच्याकडे. पालथ्या घड्यावर पाणी ओतल्यासारखं माझं शास्त्र वाहून जात होतं. मला दिसत होतं की ही तुझ्या वाटेने निघाली आहे, आणि मला अजून तेच एक वाक्य येतं, जे तेव्हा येत होतं. तू काही केलं नाहीस. त्या वाक्याने आजवर कुणाचंही भलं झालेलं मी पाहिलं नाही.

म्हणून एका दुपारी, ती पुन्हा तो पन्हाळ्याचा फोटो मोठा करून बघत असताना, मी म्हणाले, "तुझं नाही ते. माझ्याकडून आलंय. आपल्या घरात आहे. माझ्या आईलाही असंच झालं होतं." मग तुझ्या बाळाचं सगळं सांगितलं, ओढ्यापर्यंत. तिने मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "आन् तू मला आदी बोलली न्हाईस." ती कूस बदलून झोपली, त्या दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपली, संध्याकाळपर्यंत. मी दाराशी उभी राहून तिचा श्वास ऐकत होते.

खरं सांगायचं तर मला हे ठाऊक नाही. कदाचित घरात असेल, कदाचित नसेल. दोन पिढ्यांत दोन बाळं यावरून काही सिद्ध होत नाही. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने एवढ्या आधारावर असं लिहिलं असतं तर मी ते खोडून टाकलं असतं. पण तिला फोटो बघायचे थांबवायला हे पुरलं. ती इचलकरंजीला परत गेली, कामावर जायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या वेळी आधीपासून त्याच गोळ्या जास्त ताकदीच्या सुरू करायला सांगितल्यात, तर ती म्हणते पुढची वेळ नको. फोन आता जावईच करतात, "बरी आहे," म्हणतात. मी तिला फोन द्या म्हटलं की ती अंघोळीला गेलेली असते. मी केलं ते बरोबर केलं असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, लिहून झालं की फाडेन. पण एक लिहायचं राहिलंय. मुलीच्या अंगात जी बीजं असतात ती तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. म्हणजे ज्या बीजाचं हे बाळ झालं, ते माझ्या पोटात तयार झालं, ही माझ्या पोटात असताना. गेला आठवडाभर मी ते महिने आठवत बसले आहे. तेव्हा मी पीएच.डी. करत होते, दिवसदिवस गर्भ टिकवून ठेवायच्या फॉर्मलिनच्या बरण्यांमध्ये उभी असायचे, वासाने डोळे झोंबायचे, आणि पंखा बंद असायचा. फॉर्मलिनने असं होतं याला पुरावा नाही, मला माहीत आहे. तरी काल ते आठवलं आणि मी तिथेच थांबले, पुढे शोधलं नाही. सापडलं असं वाटलं, आई, आणि खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं.